प्लेगची लस शोधणारे वाल्डेमार हाफकीन

प्लेग आला की लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत, हे पुष्कळ वाचकांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल. त्या रोगावर ज्यांनी मुंबईत लस तयार केली, त्या पुरुषाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देतो.

वाल्डेमार हाफकीन यांचा जन्म 1860 साली ओडेसा शहरी एका यहूदी कुटुंबात झाला. पुढे पॅरिस येथे पाश्चर यांच्या संस्थेत त्यांनी पटकीवर लस तयार केली व 1892 साली ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. 1893 साली ते हिंदुस्थानात आले.

1896 साली मुंबईत प्लेग उद्भवला. प्लेगचे जंतू दोन वर्षांपूर्वी हाँगकाँग येथे ओळखले गेले होते. त्यामुळे झुंज कोणाशी आहे हे ठाऊक होते. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा खोलीत हाफकीन यांनी ते जंतू मांसाच्या रश्शात वाढविले व उष्णता देऊन मारले. असे मेलेले जंतू रोग उत्पन्न करीत नाहीत, परंतु खऱ्या शत्रूस ओळखण्यास शरीराला शिकवितात. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ही लसही आधी स्वतःस टोचली. त्यांस ताप आला व उतरला. मग भायखळ्याच्या तुरुंगातील खुषीने पुढे आलेल्या कैद्यांस ती टोचली. टोचलेल्यांत रोग व मृत्यू पुष्कळ कमी आढळले.

पुढे मोठे संकट आले. 1902 साली पंजाबातील मुल्कोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी 19 जण धनुर्वाताने मरण पावले. दोष हाफकीन यांच्या प्रयोगशाळेवर आला व त्यांचे पद गेले. परंतु मेलेले सर्व जण एकाच बाटलीतून टोचलेले होते, आणि ती उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट शुद्ध न करता वापरला गेला होता, असे पुराव्यावरून दिसले. 1907 साली ते दोषमुक्त झाले. 1925 साली परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. 1930 साली स्वित्झर्लंडमध्ये ते निवर्तले.

बंधुभगिनींनो, देवगाव फाट्याच्या आसपासही लशीस भिणारी माणसे आहेत. भीती वाटणे पाप नव्हे. सुई स्वच्छ आहे काय, ताप आल्यास काय करावे, हे निःसंकोच विचारावे. मात्र एका ऐकीव गोष्टीवरून लेकराला घरात लपवू नये.