रविवारची सुट्टी मिळवून देणारे लोखंडे. त्यांच्या ५ मागण्यांवरून तपासा, कामगार कायदा तुम्हाला किती कळतो?

रावेतमधून रोज पहाटे कंपनीच्या बसने चाकण, तळेगावकडे जाणाऱ्या कामगारांना आठवड्याची सुट्टी हक्काची वाटते. १८९०पर्यंत मुंबईच्या गिरणी कामगारांना ती नव्हती. ती मिळवून देण्यात सर्वात मोठा वाटा होता नारायण मेघाजी लोखंडे यांचा. २१ नोव्हेंबर २०२५पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या असताना त्यांचे काम पुन्हा समजून घेण्यासारखे आहे.

कोण होते लोखंडे?

जन्म १८४८, ठाणे. मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर. हे गाव खेड तालुक्यात येते आणि चाकणही याच तालुक्यात. मॅट्रिकनंतर त्यांनी रेल्वे व पोस्टात नोकरी केली, पुढे कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. तिथे कामगारांचे हाल त्यांनी जवळून पाहिले. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते होते. १८८०मध्ये त्यांनी 'दीनबंधू' हे वृत्तपत्र चालवायला घेतले आणि त्यातून गिरणी कामगारांचे प्रश्न मांडले.

कायदा होता, मग अडचण काय होती?

१८८१चा फॅक्टरी कायदा मुख्यतः मुलांसाठी होता. ७ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ तास काम, एवढी मर्यादा त्याने घातली. प्रौढ कामगारांच्या तासांबद्दल किंवा सुट्टीबद्दल त्यात काहीच नव्हते. म्हणजे कायद्यात काय आहे यापेक्षा काय नाही, हे कामगारांना कळणे महत्त्वाचे होते.

१८८४मध्ये काय घडले?

लोखंडे यांनी 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' स्थापन केली. सप्टेंबरमध्ये कामगारांच्या सभा झाल्या. फॅक्टरी कमिशनपुढे मांडायच्या निवेदनाला सुमारे ५,५०० कामगारांनी पाठिंबा दिला. मागण्या पाच होत्या:

१. आठवड्यातून एक दिवस सुट्टी
२. दुपारी अर्धा तास विश्रांती
३. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त
४. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत
५. कामावर जखमी झालेल्याला भरपाई

यश कधी मिळाले?

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीला सुमारे १० हजार कामगारांची सभा झाली. त्यात दोन महिला कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षीच्या फॅक्टरी कमिशनच्या कामात लोखंडे यांना सहभागी करून घेण्यात आले. १८९१च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी व दुपारची विश्रांती आली आणि महिलांच्या कामाला ११ तासांची मर्यादा घातली गेली. १८९७मध्ये मुंबईतील प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना लोखंडे यांना लागण झाली आणि ९ फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले.

आज याचा उपयोग काय?

अनेक ठिकाणी कायद्याची माहिती दिल्याची नोंद म्हणजे कामगारांची एक सही. पण सही झाली म्हणजे कायदा समजला असे होत नाही. लोखंडे यांच्या पाच मागण्यांचे पाच प्रश्न करा आणि कागद न पाहता उत्तरे द्या. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावले, तर बदली सुट्टी कधी मिळणार? विश्रांती किती तासांनी? आठवड्याचे ४८ तास उलटले, तर ओव्हरटाइमचा दर किती? (दुप्पट.) महिन्याचा पगार कोणत्या तारखेपर्यंत? (पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत.) मशीनवर हात सापडला, तर भरपाई ईएसआयकडून की मालकाकडून?

कंत्राटी कामगाराने हे प्रश्न सोडवताना आणखी एक जोडावा: पगार थकला तर कंत्राटदाराशिवाय आणखी कोणाकडे मागायचा? (मूळ कंपनीकडेही.) जिथे उत्तर अडेल, तो हक्क कागदावर असूनही अजून आपल्या हातात आलेला नाही.