लामने : राजा, पोप आणि जनता

माणसाने निष्ठा बदलली की लोक त्याला संधिसाधू म्हणतात. कधी ते खरे असते, कधी ती निव्वळ निंदा असते. मग फरक ओळखावा कसा? फ्रान्समधील राजकीय विचारवंत फेलिसिते लामने यांच्या जीवनातून या प्रश्नाचे उत्तर मिळते.

लामने यांचा जन्म १७८२ साली ब्रिटनी प्रांतातील सां-मालो या बंदरात, एका जहाजमालकाच्या घरी झाला. वडिलांना राजाने सरदारकी दिली होती. लामने सात वर्षांचे असताना फ्रेंच राज्यक्रांती सुरू झाली. पुढे राजाचा शिरच्छेद झाला, चर्चची मालमत्ता सरकारजमा झाली, शपथ न घेणाऱ्या पाद्र्यांचा छळ झाला. हे पाहत वाढलेला मुलगा क्रांतीचा विरोधक झाला यात नवल नाही. १८१६ साली ते स्वतः कॅथलिक पाद्री झाले. १८१७ साली त्यांनी धर्माविषयीच्या उदासीनतेवर ग्रंथ लिहिला व त्यांचे नाव सर्वत्र झाले. तेव्हा ते राजेशाहीचे कट्टर कैवारी होते, हे लपविण्याचे कारण नाही.

परंतु राजा धर्माचे रक्षण करीत नसून धर्माला आपला नोकर बनवितो, हे त्यांना दिसू लागले. ते राजाला सोडून पोपच्या बाजूला गेले. चर्चवरील राजसत्तेचा अधिकार नाकारल्याबद्दल १८२६ साली न्यायालयाने त्यांना दंड केला.

१८३० साली पॅरिसमध्ये पुन्हा क्रांती झाली. त्याच वर्षी लामने यांनी ‘भविष्य’ या अर्थाच्या नावाचे दैनिक काढले. सद्सद्विवेकाचे, वृत्तपत्रांचे व शिक्षणाचे स्वातंत्र्य त्यांनी मागितले. पाद्र्यांनी सरकारी पगार सोडावा, असेही सांगितले. बिशप खवळले. दैनिक थांबवून लामने आपल्या दोन सहकाऱ्यांसह रोमला न्याय मागायला गेले. तिकडे पोलंडच्या कॅथलिक जनतेने रशियाच्या झारविरुद्ध उठाव केला होता. १८३२ साली सोळाव्या ग्रेगरी पोपने त्या जनतेलाच दोष देऊन झारची आज्ञा पाळण्यास सांगितले. त्याच वर्षी त्याने लामने यांच्या मतांचाही निषेध केला.

लामने यांनी आधी मान तुकविली, शरणपत्रावर सहीही केली. पण मन मानेना. १८३४ साली त्यांनी गरिबांची बाजू घेणारे छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. पोपने त्याचाही धिक्कार केला. जवळचे मित्र दूर झाले. पाद्री असलेला सख्खा भाऊ चर्चमध्येच राहिला. लामने यांनी चर्च सोडले आणि नावातील सरदारकीची खूणही टाकून दिली.

सरकारवर टीका केली म्हणून १८४१ साली त्यांना वर्षभर तुरुंगवास भोगावा लागला. १८४८ च्या क्रांतीनंतर जनतेने त्यांना संविधान सभेवर निवडून दिले. त्यांनी पुन्हा वृत्तपत्र काढले. पण सरकारने वृत्तपत्रांवर मोठ्या अनामतीची सक्ती करताच ते बंद पडले.

२७ फेब्रुवारी १८५४ रोजी लामने वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना गरिबांच्या सामाईक खड्ड्यात, क्रूस न लावता पुरण्यात आले.

संधिसाधू निष्ठा बदलतो तेव्हा त्याच्या पदरात काहीतरी पडते. लामने यांनी राजा सोडला तेव्हा दंड मिळाला, पोप सोडला तेव्हा मित्र गेले, जनतेच्या बाजूने बोलले तेव्हा तुरुंग मिळाला. निष्ठा बदलणाऱ्याला जोखताना त्याने काय मिळविले आणि काय गमावले, हे आधी पाहावे.