आईच्या दुकानातले शंख

भगिनींनो, बेल्जियमचे चित्रकार जेम्स एन्सॉर यांचे चरित्र मला मोठे जवळचे वाटते. १८६० साली ऑस्टेंड या समुद्रकाठच्या गावी त्यांचा जन्म झाला. संसाराची मदार आईच्या दुकानावर. तेथे शंख, शिंपले, मुखवटे विकायला असत. ब्रुसेल्सला शिकून १८८० साली ते घरी परतले आणि माळ्यावर चित्रे काढू लागले. चित्रांना फारसे गिऱ्हाईक नव्हते. दुकानानेच त्यांना पोसले आणि विषयही दिले. १८९२ साली त्यांनी पाकट मासा व शेजारी मोठा शंख रंगवला. ते चित्र ब्रुसेल्सच्या संग्रहालयात आहे. १९२९ साली त्यांना सरदारकी मिळाली. आई मात्र १९१५ सालीच गेली होती. तो शंख तिच्याच पुण्याईचा, असे मी म्हणते.