बिनपंखी भुंगेऱ्यांचे वुलस्टन

१८४७ सालच्या हिवाळ्यात २५ वर्षांचा एक इंग्रज तरुण हवापालटासाठी मदेरा बेटावर उतरला. फुप्फुसे अधू, इंग्लंडची थंडी सोसत नव्हती. त्या काळी छातीच्या दुखण्यावर डॉक्टरांकडे खात्रीचे औषध नव्हते. क्षयाचा जंतू सापडायलाच अजून ३५ वर्षे जायची होती. ज्यांना परवडे त्यांना अटलांटिक महासागरातील या पोर्तुगीज बेटावर उबदार हवेत हिवाळा काढायला धाडत. थॉमस व्हर्नन वुलस्टन यांनी मात्र तिथे नुसता आराम केला नाही. ते दगड उलथू लागले, कुजका पाला चाळू लागले आणि त्यातून निघणारे भुंगेरे जमवू लागले.

वुलस्टन यांचा जन्म १८२२ मध्ये लिंकनशायरमधील स्कॉटर या गावी झाला. वडील पाद्री. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकतानाच त्यांना कीटकांचा छंद जडला. मदेराच्या फेऱ्यांमधून १८५४ साली त्यांचा ‘इन्सेक्टा मदेरेन्सिया’ हा मोठा ग्रंथ तयार झाला. त्यात शेकडो भुंगेऱ्यांची वर्णने आहेत. कितीतरी जाती विज्ञानाला पूर्ण नव्या होत्या आणि त्यांत रोव्ह भुंगेरेही होते.

रोव्ह भुंगेरा हे नाव अनोळखी वाटेल, पण त्याचा एक भाऊबंद आपल्या घरात येतो. पावसाळ्यात दिव्याभोवती जमणारा, मुंगीसारखा लांबट, तांबडा-काळा पेडेरस याच कुळातला. तो अंगावर चिरडला गेला की पुढच्या एक-दोन दिवसांत कातडीवर भाजल्यासारखा चट्टा उठतो. (तेव्हा चिरडू नये. फुंकर मारून उडवावा आणि जागा साबण-पाण्याने धुवावी.) या कुळात ६० हजारांहून अधिक जाती आहेत. भुंगेऱ्याचे पुढचे पंख टणक झाकणासारखे असतात. रोव्ह भुंगेऱ्यात ही झाकणे इतकी आखूड की पोटाचा बराचसा भाग उघडाच राहतो. उडायचे मागचे पंख बारीक घड्या घालून त्यांच्याखाली दडवलेले असतात. डोंगरमाथ्यावरच्या पालापाचोळ्यात राहणाऱ्या अनेक जातींत या पंखांचे नुसते खुंट उरतात आणि झाकणेही आणखी आखडतात.

अशा दोन-तीन मिलिमीटरच्या किड्याला ‘नवी जात’ म्हणायचे तर फार सावधपणे पाहावे लागते. आज नराचे जननांग काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, जनुकेही वाचतात. वुलस्टन यांची भिस्त मुख्यतः बाहेरून दिसणाऱ्या खुणांवर होती. त्यात मदेराने त्यांच्यापुढे एक कोडे टाकले. इथले पुष्कळ भुंगेरे उडू शकत नव्हते. त्याहून चमत्कारिक म्हणजे काही जाती युरोपात पंखवाल्या होत्या, पण मदेरात आल्यावर त्यांचे पंख गेले होते. मग जात एक मानायची की दोन? हा प्रश्न दिसतो लेबलापुरता, पण तो थेट सजीवांच्या उगमापाशी जातो. जाती बदलतात का, आणि बदलल्या तर कुठवर?

चार्ल्स डार्विन यांनी हा ग्रंथ बारकाईने वाचला. १८५५ सालीच त्यांच्या मनात उत्तर आकार घेऊ लागले होते: बेटावर वारा जोराचा. जो भुंगेरा उडेल तो समुद्रात फेकला जाऊन मरेल. ज्याचे पंख जन्मतःच थोडे लहान किंवा जो उडायला आळशी, तो वाचेल आणि त्याची पिल्ले वाढतील. पुढल्या वर्षी एप्रिलमध्ये डार्विन यांनी हूकर आणि हक्सली यांच्याबरोबर वुलस्टन यांनाही आपल्या घरी बोलावले. त्याच वर्षी वुलस्टन यांचे जातींमधील बदलांवरचे पुस्तक आले, ते त्यांनी डार्विन यांना अर्पण केले होते. पुस्तकातले म्हणणे मात्र वेगळे होते. परिस्थितीमुळे जात बदलते, पण ईश्वराने आखून दिलेल्या मर्यादेतच, असे ते मानत.

१८५९ मध्ये ‘ओरिजिन ऑफ स्पीसीज’ प्रसिद्ध झाले. त्यात वुलस्टन यांचेच आकडे होते: मदेराच्या ५५० भुंगेऱ्यांपैकी २०० उडू न शकणारे. फक्त तिथेच आढळणाऱ्या २९ प्रजातींपैकी (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) २३ प्रजातींतल्या तर सगळ्याच जाती तशा. शेजारच्या उघड्या, वाऱ्याच्या देझेर्टास बेटांवर हे प्रमाण आणखी जास्त. पुढच्याच वर्षी एका नियतकालिकात त्या पुस्तकावर निनावी, विरोधी परीक्षण आले. ते वुलस्टन यांचेच असल्याचे मानले जाते. इतके नेमके मोजणारा माणूस आपल्याच मोजणीपुढे का थबकला, हे मला त्यांच्या साऱ्या कामापेक्षा अधिक विचारात पाडते. श्रद्धा हे एक कारण होतेच. दुसरे कारण असे की ही बेटे बुडालेल्या जुन्या भूखंडाचे अवशेष आहेत, असे त्यांना वाटे. त्यामुळे तिथले वेगळे भुंगेरे त्यांच्या लेखी नव्याने घडलेले नव्हते, मागे उरलेले होते.

डार्विन यांचेही उत्तर शेवटचे ठरले नाही. १९४३ मध्ये अमेरिकी कीटकतज्ज्ञ फिलिप डार्लिंग्टन यांनी दाखवले की पंख गमावलेले भुंगेरे समुद्रापासून दूर, डोंगरांवरही भरपूर असतात. जागा लहान आणि स्थिर असेल तर पंख बाळगणे हा नुसता खर्च होतो. २०२० साली दक्षिण महासागरातील बेटांवरच्या कीटकांचा अभ्यास झाला, तेव्हा वाऱ्याचे पारडे पुन्हा जड झाले. एवढेच की वाऱ्यात उडायला शक्ती फार लागते आणि ती वाचली तर प्रजननाला उपयोगी पडते, हा मुद्दा आता त्याला जोडला गेला.

वुलस्टन पुढे कॅनरी, केप व्हर्ड अशी बेटे पालथी घालत राहिले. १८६९ मध्ये त्यांनी एडिथ शेफर्ड यांच्याशी विवाह केला. १८७५-७६ मध्ये दोघे सेंट हेलेनावर गेले. शेळ्यांनी आणि कुऱ्हाडीने तिथले जंगल केव्हाच साफ केले होते, मूळचे किडे उरले होते ते मुख्यतः माथ्यावरच्या झाडीत. वुलस्टन यांनी भुंगेरे गोळा केले, एडिथ यांनी पतंग. सेंट हेलेनावरचा ग्रंथ १८७७ मध्ये निघाला आणि ४ जानेवारी १८७८ रोजी टिनमथ येथे वुलस्टन यांचे निधन झाले.

त्यांचा मदेराचा संग्रह ब्रिटिश म्युझियमने घेतला होता. मदेराच्या डोंगरात आज कुणाला रोव्ह भुंगेऱ्याची नवी जात सापडल्यासारखी वाटली, तर तिला नाव देण्याआधी लंडनमधल्या त्याच पेट्या उघडून पाहाव्या लागतात.