कोरिनचे कोसोदे

क्योतो शहरातील करिगानेया ही कापडाची पेढी सतराव्या शतकात दरबारातील स्त्रियांना वस्त्रे पुरवीत असे. शोगुन तोकुगावा हिदेतादा याची कन्या आणि सम्राट गो-मिझुनोओ याची राणी तोफुकुमोन-इन ही या पेढीची सर्वांत मोठी आश्रयदाती. ओगाता कोरिनचा जन्म १६५८ साली याच घरात झाला. नमुन्यांच्या वह्या, रंगांच्या छटा, रेशमाच्या पोताची पारख हे सारे त्याच्या डोळ्यांसमोर रोज घडत होते. वडील सोकेन यांना सुलेखनाचा आणि नोह नाट्याचा व्यासंग होता. मुलांनीही तो उचलला.

१६७८ साली राणीचे निधन झाले आणि पेढीचा मुख्य आधार गेला. सरदारांना कर्जाऊ दिलेल्या रकमा परत येईनात. १६८७ साली वडील वारले तेव्हा कोरिनच्या वाट्याला पुष्कळ मालमत्ता आली; ती त्याने काही वर्षांतच उधळून टाकली. धाकटा भाऊ केन्झान संयमी होता, पुढे तो कुंभारकलेत नावारूपाला आला. कोरिनने त्याच्याकडूनही पैसे उसने घेतले आणि घरातील मोलाच्या वस्तू गहाण टाकल्या. चाळिशीच्या सुमारास चित्रकला हा त्याच्यासाठी छंद उरला नव्हता, ती चरितार्थाची गरज झाली होती.

मात्र कापडाच्या घराण्यातला डोळा त्याच्यापाशी शाबूत होता. त्याने रंगविलेल्या आयरिसच्या फुलांचे सुप्रसिद्ध पडदे आज तोक्योच्या नेझू संग्रहालयात आहेत. सोनेरी भूमीवरच्या त्या निळ्या फुलांचे काही ताटवे हुबेहूब पुन्हा आलेले दिसतात, जणू रंगाऱ्याने एकच छापपत्रा सरकवत नेला आहे. १७०१ साली त्याला होक्क्यो ही मानाची पदवी मिळाली.

या काळातील एक आख्यायिका क्योतोत फार रंगवून सांगितली जाई. तिथल्या चांदीच्या सरकारी टांकसाळीचा अधिकारी नाकामुरा कुरानोसुके हा कोरिनचा आश्रयदाता. श्रीमंत घरांतील स्त्रियांचा उंची वस्त्रे मिरवण्याचा मेळा हिगाशियामा येथे भरणार होता आणि कुरानोसुकेच्या पत्नीने काय नेसावे, हे कोरिनने ठरवायचे होते. इतर सगळ्या जणी भरजरी वस्त्रांत आल्या. हिच्या दासीही तशाच नटलेल्या होत्या. ती स्वतः मात्र पांढऱ्या वस्त्रांवर निव्वळ काळे रेशीम लेवून आली. सगळ्यांच्या नजरा तिच्यावरच खिळल्या. कथेत भर किती, हे बाजूला ठेवले तरी ती रचणाऱ्याने कोरिनला नेमके ओळखले होते, यात शंका नाही.

त्या काळी वस्त्र ही मनाजोगती मिरवण्याची गोष्ट नव्हती. १६८३ साली शोगुनशाहीने नगरवासीयांच्या पोशाखातील सोन्याची जर, भरगच्च भरतकाम आणि पूर्ण बांधणी यांवर बंदी घातली होती. साहजिकच हाताने रंगविलेल्या वस्त्रांना मागणी वाढली.

१७०४ साली कोरिन एदो येथे, म्हणजे आजच्या तोक्योत, गेला. फुकागावा भागात फुयुकी नावाच्या लाकूड व्यापाऱ्यांच्या घरी तो राहिला आणि तिथल्या गृहिणीसाठी त्याने एक कोसोदे रंगविले, असे परंपरा सांगते. कोसोदे हे किमोनोचे पूर्वरूप. ते सरळ कापलेल्या पट्ट्या जोडून शिवतात, त्यामुळे पसरून ठेवले की पाठीचा भाग एखाद्या चित्रपटासारखा मोकळा मिळतो. कोरिनने पांढऱ्या रेशमावर शाई आणि फिकट रंग घेऊन शरद ऋतूतील फुलझाडे काढली: वर निळ्या घंटाफुलांचे झुपके, खाली शेवंती, हागी आणि गवताचे तुरे. रेशमावर शाई टेकली की ती परत घेता येत नाही. भाताच्या खळीने रेषा राखून मग रंग भरण्याची युझेन पद्धत तेव्हा रूढ होती, पण इथे तो आधार घेतलेला दिसत नाही. कुंचला थेट कापडावर फिरला आहे. अंगावर घातल्यावर ही झाडे हालचालीबरोबर डुलत असणार. ज्या पेढीचा वारसा त्याने गमावला, तिचे कसब एका परक्या घरातील स्त्रीच्या अंगावर असे परत आले.

एदोत सरदारांची मर्जी सांभाळावी लागे, आणि ती नोकरी त्याच्या स्वभावाला मानवली नसावी. १७०९ साली तो क्योतोला परतला, तिथे त्याने नवे घर बांधले आणि १७१६ साली त्याचे निधन झाले. कोरिन नमुने या नावाने त्याच्या शैलीतील आकृत्यांची वस्त्रे पुढे बाजारात खपू लागली. त्यांतील बहुतेक आकृत्यांना त्याचा हातही लागलेला नव्हता.

फुयुकी घराण्याच्या नावाने ओळखले जाणारे ते कोसोदे आज तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तीन शतकांत रेशीम जीर्ण झाले होते. काही वर्षांपूर्वी त्याच्या दुरुस्तीचे काम हाती घेण्यात आले, तेव्हा संग्रहालयाने लोकांकडूनही देणग्या मागविल्या.