वय २२, सूचना ३१ : कोऱ्या कॉम्प्युटरला कामाला लावणारे डेव्हिड व्हीलर

देवळाली प्रवरा भागात ऊस आला की विहिरीवरची मोटार आली आणि लाइटची वाट बघणंही आलं. लाइट आली की ऑटो स्टार्टर थोडं थांबून मोटार सुरू करतो. आता बऱ्याच स्टार्टरमध्ये मायक्रोकंट्रोलरची चिप असते. पण लाइट गेली की तिची रॅम पुसली जाते. मग काय करायचं हे तिला सांगतं कोण?

मुख्य प्रोग्रामच्या आधी चालणारा स्टार्टअप कोड. तो सुरुवातीच्या किमती फ्लॅश मेमरीतून रॅममध्ये आणतो, बाकीच्या जागा शून्य करतो आणि मग मुख्य प्रोग्राम सुरू करतो. हे चुकलं तर किती सेकंद थांबायचं ही किंमतच भलती निघते, मुख्य प्रोग्राम बरोबर असला तरी!

या कामाची सुरुवातीची गोष्ट १९४९ च्या केंब्रिजमधली आहे.

डेव्हिड व्हीलर यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९२७ चा, बर्मिंगहॅमचा. ट्रिनिटी कॉलेजात गणित शिकून ते मॉरिस विल्क्स यांच्या टीममध्ये आले. तिथे एडसॅक हा कॉम्प्युटर तयार होत होता. त्याची मेमरी पाऱ्याच्या नळ्यांची. मशीन बंद, की मेमरी कोरी. प्रोग्राम कागदी पट्टीवर असायचा, पण पट्टी वाचायलाही प्रोग्राम हवाच. आधी कोंबडी की आधी अंडं?

व्हीलर यांनी फक्त ३१ सूचना लिहिल्या. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या स्विचांवर त्या कायमच्या जोडल्या गेल्या. बटण दाबलं की त्या मेमरीत उतरायच्या आणि पट्टी वाचू लागायच्या. पट्टीवरची अक्षरं आणि आकडे मशीनच्या भाषेत बदलण्याचं कामही त्याच करायच्या. त्यामुळे ० आणि १ लिहीत बसायची कटकट संपली.

६ मे १९४९ रोजी एडसॅकने वर्गांचा तक्ता छापला. व्हीलर तेव्हा २२ वर्षांचे होते. त्याच वर्षी त्यांनी ४१ सूचनांची सुधारित आवृत्ती केली. तिच्यामुळे तयार सबरूटीन मेमरीत हव्या त्या जागी बसवता येऊ लागले.

१९५१ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली. पुढे सी प्लस प्लसचे जनक बियार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पीएचडी केली. १३ डिसेंबर २००४ रोजी व्हीलर यांचं निधन झालं.

पाऱ्याच्या नळ्या गेल्या, स्विच गेले. पण कोऱ्या रॅमला आधी कामाला लावणाऱ्या त्या मोजक्या सूचना आजही प्रत्येक चिपला लागतातच.