फातेमा इस्माईल

विद्यार्थिमित्रांनो, भालकी, बसवकल्याण किंवा आळंद येथील आठवडी बाजारात हिंडताना गुडघ्यावर हात दाबून चालणारी एखादी प्रौढ व्यक्ती तुमच्या दृष्टीस पडली असेल. बालपणी झालेल्या पोलिओची ती खूण होय. अशा बालकांसाठी रुग्णालय उभारणाऱ्या एका मातेचे चरित्र आम्ही येथे सांगत आहोत.

फातेमाबाईंचा जन्म 1903 साली झाला. त्यांचे बंधू उमर सोबानी हे मुंबईचे गिरणीमालक आणि स्वातंत्र्यलढ्याचे उदार पाठीराखे होते. 31 जुलै 1921 रोजी परदेशी कापडाची जी प्रसिद्ध होळी झाली, ती परळ येथे त्यांच्याच गिरणीच्या आवारात. लोककार्यासाठी पदरचे वेचण्याचा संस्कार फातेमाबाईंना असा घरातच लाभला.

पुढे त्यांची लहानगी कन्या उषा हिला पोलिओ झाला. या रोगाचे विषाणू पाठीच्या कण्यातील मज्जापेशींवर आघात करतात. स्नायूंना चालना मिळेनाशी होते आणि हातपाय लुळे पडतात. गेलेली शक्ती परत आणणारे औषध तेव्हा नव्हते, आजही नाही. तथापि नियमित व्यायाम, शेक, आधारपट्ट्या आणि प्रसंगी शस्त्रक्रिया यांच्या साहाय्याने मूल पुन्हा उभे राहू शकते. फातेमाबाईंनी मुलीला मद्रासचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. किनी यांच्याकडे नेले. चिकाटीच्या उपचारांनी तिच्या पायांत बळ आले.

येथे एखादी माता कृतार्थ होऊन घरी बसली असती. परंतु ज्यांच्याजवळ मद्रासचे भाडेही नाही त्यांच्या मुलांचे काय, हा प्रश्न फातेमाबाईंना स्वस्थ बसू देईना. 1947 साली त्यांनी मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी चिकित्सालय सुरू केले. जागा दिली ती नामांकित शल्यविशारद डॉ. बाळिगा यांनी, आपल्या स्वतःच्या दवाखान्यात. डॉ. बाळिगा मूळचे कोंकणी घराण्यातले. मातृभाषा कोंकणी असलेल्या आम्हांला याचा सानंद अभिमान वाटतो.

लवकरच ती जागा अपुरी पडली. मग मरीन लाइन्स येथील लष्करी बराकींत काम हलले आणि पुढे हाजी अली येथे मुलांचे स्वतंत्र अस्थिरुग्णालय उभे राहिले.

एवढ्या विस्ताराची गरज का पडावी? तापाचा रोगी चार दिवसांत खाट रिकामी करतो. हाडांचा आजार असलेले मूल मात्र प्लास्टरमध्ये कित्येक आठवडे पडून राहते. नंतर व्यायाम आणि पुन्हा पाऊल टाकण्याचे शिक्षण. शिवाय मूल वाढते, तसा पायाचा कॅलिपरही आखूड पडतो आणि नवा करावा लागतो. एका मुलासाठी अनेक वर्षांचा खर्च! म्हणूनच एकट्यादुकट्याच्या दानाने हे काम भागत नाही. शासनाने जागा, दात्याने द्रव्य, वैद्याने कौशल्य आणि सेवकाने वेळ द्यावा, तेव्हाच एक खाट वाढते. या सर्वांना एकत्र आणणे हेच फातेमाबाईंचे खरे कर्तृत्व.

1958 साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. 1978 ते 1984 या काळात त्या राज्यसभेच्या नियुक्त सदस्या होत्या. 1987 साली त्यांचे देहावसान झाले.

लसीच्या दोन थेंबांनी पुढे देशाचे चित्र पालटले. भारतातील शेवटचा पोलिओरुग्ण जानेवारी 2011 मध्ये आढळला आणि मार्च 2014 मध्ये आपला देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. मग अशा रुग्णालयांचे काम संपले काय? नाही. जन्मतः वाकडी असलेली पावले, हाडांचा क्षय, मेंदूच्या विकाराने आखडलेले स्नायू यांनी ग्रासलेली बालके आजही आहेत. वाकडे पाऊल तान्हेपणीच दाखविले, तर दर आठवड्याला प्लास्टर बदलून ते बहुधा सरळ करता येते. विलंब झाल्यास मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. आमच्या सीमाभागातील किती तरी पालकांना अशा उपचारांसाठी सोलापूर वा हैदराबादची वाट धरावी लागते, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

बालमित्रांनो, तुम्हांपैकी कोणी उद्या वैद्य होईल, कोणी व्यापारी, कोणी अधिकारी. आपले मूल बरे झाल्यावर फातेमाबाईंना शेजारचे मूल दिसले. तेवढी दृष्टी तुम्हांला लाभली, तर बिदर आणि कलबुर्गीच्या लेकरांसाठीही खाटा वाढतील, अशी आमची श्रद्धा आहे.